गटातल्या बायकांच्या मनात काय आहे, हे कसं विचारायचं?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी तासगाव तालुक्यातली, एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे ‘बचत गटातील महिलांचा सहभाग आणि त्यांची मानसिकता’. सरांनी प्रश्नावली करायला सांगितली. वीस विधानं, प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय. चाचणी म्हणून आमच्या वाडीतल्या बायकांकडून भरून घेतली, तर जवळजवळ सगळ्यांनी सगळीकडे ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. एकीने तर “तूच भर की गं, तुला काय पाहिजे ते” म्हणून कागद परत दिला. आता यातून मी काय लिहू? माझ्या सासूबाई त्याच गटाच्या अध्यक्षा आहेत, हेही सांगून ठेवते.

उत्तर : कागद परत देणारी ही बाई तुझ्या अभ्यासातली सगळ्यात कामाची बाई आहे. तिचं नाव प्रबंधात नको, पण वहीत लिहून ठेव. तिच्याकडे पुन्हा जायचंय.

बाकीच्यांनी ‘पूर्ण सहमत’ का लिहिलं, याचं कोडं नाही. ‘गटामुळे माझा आत्मविश्वास वाढला’ या वाक्याला कोण नाही म्हणेल? बँकेचा साहेब येतो तेव्हा हेच विचारतो, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) प्रशिक्षणात हेच विचारतात, आठ मार्चला पेपरवालाही हेच विचारून जातो. उत्तर पाठ झालंय. त्यात विचारणारी कोण, तर अध्यक्षांची सून, आणि पुढच्या महिन्यात कर्जाचा ठराव व्हायचाय. बायका खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही. हो म्हणायला त्यांना काही मोजावं लागलं नाही, एवढंच. एकेक वाक्य सुटं पुढं ठेवलं की माणूस सगळ्यांना मान डोलावतो. तीच वाक्यं एकमेकांसमोर ठेवली आणि ‘यातलं जास्त खरं कोणतं’ असं विचारलं, की बाई थांबते. तुला हवंय ते त्या थांबण्यात आहे.

यासाठी एक पद्धत आहे, तिला क्यू पद्धती म्हणतात. विल्यम स्टीफनसन नावाच्या ब्रिटिश माणसानं ती काढली. आधी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट, मग मानसशास्त्रात दुसरी, असा हा गृहस्थ. 1935 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाला एक छोटं पत्र लिहून त्यानं कल्पना मांडली आणि 1953 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कल्पना सांगायला सोपी आहे. बाकीचे संशोधक पुष्कळ माणसं घेतात, त्यांना चाचण्या देतात आणि या चाचणीचा त्या चाचणीशी संबंध काय, ते पाहतात. यानं तक्ता आडवा फिरवला. एका माणसानं वाक्यं आपल्या मनाप्रमाणं वर-खाली लावली, की ती त्याची मांडणी. एका माणसाची अख्खी मांडणी दुसऱ्या माणसाच्या अख्ख्या मांडणीशी किती जुळते, ते पाहायचं. म्हणजे अमकीचा आत्मविश्वास तमकीपेक्षा किती जास्त, हा प्रश्नच नाही. अमकीच्या मनात कशाच्या वर काय आहे, हा प्रश्न. तुझ्या प्रबंधाच्या नावातली ‘मानसिकता’ मोजायची असेल, तर माझ्या मते याहून रास्त वाट नाही.

आता कामाला लागू. सर्वांत आधी वाक्यं जमवायची आणि तू इथेच सगळ्यात जास्त वेळ घाल. ती पुस्तकातून उचलायची नाहीत. बायकांच्या तोंडची हवीत, तीही मासिक बैठकीतली नकोत, कारण बैठकीत सगळ्या बैठकीचंच बोलतात. तुझ्याकडे तर सोय आहे. बेदाण्याच्या हंगामात शेडवर बायका दिवसभर बसून माल निवडतात. तिथं जाऊन बस. हात चालू असला की तोंड मोकळं सुटतं. दूध डेअरीच्या रांगेत थांब. लग्नाच्या आदल्या दिवशी पोळ्या लाटायला बायका जमतात, तिथं जा. आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिही. त्याला प्रमाणभाषेची इस्त्री करू नकोस. अशी वाक्यं तुला मिळतील :

“गटात असल्याबिगार कर्ज मिळत न्हाई, म्हणून हाय.”

“मीटिंगला गेलं की तेवढीच दोन तास घरातनं सुटका.”

“हप्ता माझ्या नावाचा, पैसं त्यांनीच नेलं.”

“अध्यक्ष त्याच, सचिव त्याच, आम्ही सहीपुरत्या.”

“एकीचा हप्ता थकला की सगळ्यांनी तिच्या दारात जायचं, हे मला पटत न्हाई.”

“गटामुळं वस्तीवरच्या बायकांच्या घरी पहिल्यांदा च्या प्याले.”

“मोर्चाला, सभेला माणसं पायजेत, मग आमची आठवण हुती.”

“गट मोडला तर बँक हसंल, गाव हसंल.”

शेवटून तिसरं वाक्य कुणी बोललं तर त्यावर तिथं काही विचारू नकोस. चहा पिऊ दे, ऐक आणि घरी येऊन लिही. कोण कुणाच्या घरी चहा पितं, हा विषय चारचौघात काढला की त्याचं भाषण होतं.

अशी शंभर-दीडशे वाक्यं जमली की त्यातून छत्तीस निवड. एकाच अर्थाची तीन असतील तर दोन काढ. पैसा, घर, मान, भावकी, वाडी-वस्ती, राजकारण, कंटाळा, गट सोडण्याचा विचार, अशा सगळ्या बाजू त्यात आल्या पाहिजेत. गटाचं कौतुक करणारी आणि गटावर कावलेली, दोन्ही साधारण सारखी ठेव. ‘गटामुळं पैसा आला आणि मान वाढला’ असं जोडवाक्य असेल तर तोड. पैसा आला, मान वाढला नाही, अशी बाई या वाक्याचं काय करणार? वाक्यं निवडून झाली की कागद आणि वाक्यं घेऊन सरांकडे जाण्याआधी दोन बायकांना वाचून दाखव. एखादं वाक्य ऐकून त्या हसल्या, तर ते ठेव.

आता बायका कोणत्या घ्यायच्या. इथं सर अडवतील, तयारीनं जा. क्यू पद्धतीत वीस-पंचवीस माणसं पुरतात आणि ती चिठ्ठ्या टाकून निवडायची नसतात, मुद्दाम वेगवेगळी निवडायची असतात. हिशेबवही लिहिणारी सचिव घे. अंगठा उठवायला येणारी म्हातारी घे. सीआरपी ताई, म्हणजे उमेदची गावातली कार्यकर्ती, घे. नवरा हप्ता भरतो ती घे. वस्तीवरची घे. आणि गट सोडलेली घेच, निदान दोघी-तिघी. सहभागाचा अभ्यास करणारे बहुतेक लोक फक्त सहभागी असलेल्यांनाच विचारतात आणि मग ‘सहभाग समाधानकारक आढळला’ असं लिहून मोकळे होतात. समाधानकारक नव्हता त्या आधीच घरी बसल्यात, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

प्रत्येक वाक्य वेगळ्या कार्डावर लिही. मांडणीच्या दिवशी सतरंजी अंथर. वर आकड्यांची पट्टी लाव, उणे चारपासून अधिक चारपर्यंत नऊ रकाने. दोन्ही टोकांना दोन-दोन कार्डांची जागा, मग तीन, चार, पाच, आणि मधल्या शून्याखाली आठ. बेरीज छत्तीस. आधी बाईला तीन ढीग करायला सांग : मनासारखं, मनाविरुद्ध आणि कुठलंच नाही. मग प्रत्येक ढिगातून रकान्यात लावायला सांग, जितकं मनासारखं तितकं अधिककडे, जितकं मनाविरुद्ध तितकं उणेकडे. वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव, ती हातानं जागा सांगेल. दिवसभर बेदाणा निवडणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. सूचना एकच : “तुम्हाला आज जसं वाटतं तसं लावा.” एक लक्षात ठेव, मधला रकाना म्हणजे ‘माहीत नाही’ नव्हे. इतर कार्डांच्या मानानं ज्या कार्डाचं तिला काही विशेष वाटत नाही, ते तिथं जातं. कुणी काय मधे टाकलं, हेही वाचायचं असतं.

अधिक चारला दोनच जागा आहेत, म्हणून बायका कुरकुर करतात. “तीन न्हाई का बसत?” नाही बसत. म्हणूनच ही पद्धत काम करते.

जत तालुक्यातल्या एका वस्तीवर मी अशी मांडणी करून घेत होते. मध्यम वयाची बाई, गटात बरीच वर्षं असलेली. तिनं ‘गटामुळं मला मान मिळाला’ हे कार्ड उचललं आणि थेट उणे चारला ठेवलं. बाजूला बसलेली सीआरपी ताई कावरीबावरी झाली. प्रश्नावलीत हे ‘पूर्ण असहमत’ झालं असतं आणि कुणी तरी लिहिलं असतं, ‘सदर महिलेच्या आत्मसन्मानात वाढ दिसून आली नाही’. मी विचारलं, का हो इथं? ती म्हणाली, “मान हाय की. पण त्यो गटामुळं न्हाई. दुष्काळात छावणीवर मी एकटीनं जनावरं जगवली, मान तवापासनं हाय. गट नंतर आला.” मग तिनं अधिक चारला ‘दोन तास घरातनं सुटका’ ठेवलं आणि हसत म्हणाली, “लिव्हा, लाजायचं काय?”

म्हणून मांडणी झाल्यावरचं बोलणं सोडायचं नाही. दोन्ही टोकांच्या चारही कार्डांबद्दल ‘इथं का’ हे विचार आणि शब्दाला शब्द लिहून घे. परवानगी असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड कर.

गणिताला घाबरू नकोस. पीक्यूमेथड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वाक्यांना क्रमांक दे आणि प्रत्येकीची मांडणी आकड्यांत भर. कुणाची मांडणी कुणाशी जुळते ते काढून ते सारख्या मांडणीच्या बायकांचे गट पाडतं, त्यांना फॅक्टर म्हणतात. एखादी बाई एखाद्या फॅक्टरमध्ये आहे असं कधी म्हणायचं, याला ढोबळ नियम आहे : 2.58 ला कार्डांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं. छत्तीसचं वर्गमूळ सहा, म्हणजे 0.43. तिची मांडणी त्या फॅक्टरशी किती जुळते, याचा आकडा सॉफ्टवेअर देतं. तो याच्या वर असेल तर धर. आकडा उणे आला तर दचकू नकोस. याचा अर्थ तिनं तीच मांडणी उलटी लावली आहे. गट सोडलेली बाई आणि गटाची कट्टर बाई एकाच फॅक्टरच्या दोन टोकांना सापडू शकतात. दोघींना जीव तोडून वाटणाऱ्या गोष्टी त्याच असतात, फक्त बाजू उलट असते.

सर म्हणतील, नमुना फार लहान. त्यांना नम्रपणे सांग : सर, किती बायकांना असं वाटतं हे मी सांगत नाहीये, कशा-कशा तऱ्हेनं वाटतं ते सांगतेय. हे मात्र तू स्वतःही पाळ. ‘साठ टक्के महिलांच्या मते’ हे वाक्य तुझ्या प्रबंधात आलं, तर पद्धत वाया गेली. टक्के हवे असतील तर ते काम वेगळ्या सर्वेक्षणाचं.

राहिल्या सासूबाई. त्यांची मांडणी घ्यायची, अध्यक्षांना वगळून गट कसा कळेल? पण ती वर्गातल्या मैत्रिणीनं घ्यावी. आणि पहिलं कार्ड कुणाच्या हातात देण्याआधी तू स्वतः मांडणी कर, तारीख घाल आणि पाकिटात बंद करून सरांकडे दे. सून म्हणून, शिकलेली म्हणून, त्याच वाडीची म्हणून तुझंही एक मत आहे. ते नाही असं भासवण्यापेक्षा आकड्यांत असलेलं बरं. शेवटी तुझी मांडणी कुणाशी जुळते ते बघ. आतला माणूस अभ्यास करू शकत नाही, असं कुणी म्हणालं तर वाळवा तालुक्यातल्या कासेगावचं उदाहरण दे. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला अमेरिकेतून आल्या, 1973 मध्ये तिथल्या बर्कले विद्यापीठातून त्यांची डॉक्टरेट झाली, पुढं त्या कासेगावच्या झाल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्याच चळवळींत 2021 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत राहिल्या. आपण कुठं उभे आहोत हे त्यांनी कधी लपवलं नाही.

प्रश्न : हीच कार्डं गूगल फॉर्मवर टाकून व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालतील का? आमच्या पाणी वापर संस्थेचे सभासद पाच गावांत आहेत. – वाळवा तालुका

उत्तर : गूगल फॉर्मवर नको, तिथं पुन्हा सुटी वाक्यं आणि सुट्या खुणा होतील. क्यू मांडणीसाठी वेगळ्या वेबसाइट आहेत, स्क्रीनवर कार्ड ओढून रकान्यात टाकता येतं. पण माझं मत विचाराल, तर पाच गावं फिरा. पाणी वापर संस्थेत शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याचं म्हणणं कालव्याच्या मुखाजवळच्या शेतकऱ्यापेक्षा वेगळं असणार, आणि शेवटच्या चारीवरचाच मेसेज उघडणार नाही. महाराष्ट्राच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं संचालक मंडळात मुखाच्या, मधल्या आणि शेपटाच्या अशा तिन्ही भागांतले शेतकरी असावेत असं धरलंय. माणसं निवडताना तुम्हीही तेच धरा.

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गणेशोत्सव मंडळाचा जुना कार्यकर्ता. एका विद्यार्थ्यानं आमच्या मंडळावर अभ्यास केला. बावीस कार्यकर्त्यांकडून अशीच कार्डं लावून घेतली आणि निकाल काढला की मंडळात ‘तीन दृष्टिकोन’ आहेत. पहिला भक्ती आणि परंपरा, दुसरा मैत्री आणि धमाल, तिसऱ्याला त्यानं नाव दिलंय ‘मंडळ म्हणजे राजकारणाची शिडी’. प्रबंधाची प्रत वाचनालयात लागली आणि आता कट्ट्यावर एकच चर्चा : तिसऱ्यात कोण? एकमेकांशी बोलणं बंद झालंय. बावीस पोरांवरून असं काही ठरवता येतं का? हे शास्त्र आहे की खोडसाळपणा?

उत्तर : दादा, पद्धत शास्त्राची आहे. खोडसाळपणा असलाच तर तो नावात आहे.

फॅक्टर यंत्रातून निघतो, नाव यंत्र देत नाही. ‘राजकारणाची शिडी’ हे त्या मुलाचे शब्द. त्याच मांडणीला दुसऱ्या कुणी ‘मंडळातून पुढे आलेलं नेतृत्व’ असं नाव दिलं असतं तर तुमच्या कट्ट्यावर सत्कार झाला असता. म्हणून नावावर भांडू नका. प्रबंधात मागं एक तक्ता असेल, त्या फॅक्टरची नमुना मांडणी, कोणतं कार्ड कुठल्या रकान्यात ते दाखवणारी. तो उघडून सगळ्यांनी मिळून वाचा.

वाचताना एक गोष्ट बघा, कारण माझा संशय इथेच आहे. समजा ‘मंडळात नाव काढल्याशिवाय नगरसेवक होता येत नाही’ असं कार्ड तिसऱ्या गटानं अधिक चारला ठेवलंय. ते त्यांना हवंय म्हणून ठेवलं, की त्याचा राग आहे म्हणून? कार्डाची जागा तीच राहते, अर्थ उलटा होतो. वर्षानुवर्षं मांडव घालणारा, वर्गणीला दारोदार फिरणारा आणि आरतीच्या वेळी मात्र पाहुण्यांच्या मागं उभा राहणारा कार्यकर्ताही ते कार्ड तिथंच ठेवेल, चिडून. मांडणीनंतर ‘इथं का’ असं विचारल्याशिवाय हे कळत नाही. त्या मुलानं विचारलं होतं का? उत्तरं प्रबंधात दिलीत का? नसतील, तर तुमच्या तिसऱ्या गटात शिडी चढणारे आहेत की शिडी धरणारे, हे त्यालाही माहीत नाही.

बावीस माणसांवरून तीन दृष्टिकोन सापडतात, हे मात्र खरं मानायला हरकत नाही. मंडळातल्या किती जणांचा कोणता, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय एकच माणूस दोन फॅक्टरमध्ये थोडा-थोडा असू शकतो, आणि कुठंच न बसणारेही असतात. तुमच्या कट्ट्यावर बावीस जणांची तीन खोक्यांत वाटणी चालली आहे, तशी ती नसते. माणसाचा तो आजचा कौल असतो. विसर्जनाच्या रात्री लावलेली मांडणी आणि वर्गणीचा हिशेब देण्याच्या रात्री लावलेली मांडणी, एकाच माणसाची असली तरी वेगळी निघेल.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पुण्या-मुंबईच्या हजार माणसांच्या संस्थेत ‘कार्यकर्ता क्रमांक सात’ लपतो. बावीस जणांच्या मंडळात ‘वय 45, खजिनदार, स्वतःचं दुकान’ एवढं छापलं की पेठेत कुणाला कोडं पडत नाही. गावातल्या संस्थेचा अभ्यास करताना नाव काढून टाकणं पुरत नाही. वय, पद, धंदा यांचीही सरमिसळ करावी लागते. आणि छापण्याआधी निकाल त्याच माणसांसमोर ठेवावा लागतो. त्या मुलाला बोलवा. रागवायला नको, बोलवा. मंडळात बसून त्यानं तिन्ही मांडण्या नावं न देता भिंतीवर लावाव्यात, आणि नावं तुम्ही सगळ्यांनी मिळून द्यावीत. प्रबंधाच्या पुढच्या प्रतीत ती घालायला त्याच्या गाईडची हरकत नसावी. अबोला लगेच संपेल असं मी म्हणत नाही. निदान भांडण कार्डांवर होईल, माणसांवर नाही.

(वाचनालयाच्या प्रतीतला तो माहितीचा तक्ता मात्र आजच काढून घ्यायला सांगा.)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, वय झालंय. तरुणपणी येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाच्या श्रमदानात होतो. आता नात कॉलेजात आहे, ती विचारते, “आजोबा, तुम्ही का गेलात?” मी दरवेळी वेगळं उत्तर देतो. कधी म्हणतो दुष्काळ होता, कधी म्हणतो समान पाण्याचा विचार पटला होता, कधी म्हणतो सगळे गेले म्हणून गेलो. आमच्या मंडळी (नातीची आजी) म्हणतात, “हे काही नाही, गिरणी बंद पडली होती आणि घरात बसवत नव्हतं.” यातलं खरं कोणतं? इतक्या वर्षांनी ते कळण्याचा काही उपाय आहे का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ दुसरं काम केलं नाही. बळीराजा धरणाबद्दल लिहिणारे पुष्कळ झाले. 1982 च्या संपानं मुंबईचे गिरणी कामगार गावाकडे परतले, मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, येरळेतला वाळूचा उपसा लोकांनी रोखला आणि त्याच वाळूच्या विक्रीतून धरणाला पैसा उभा केला, पाणी भूमिहीनांसकट सगळ्यांना समान वाटायचं ठरलं, हे सगळं नोंदलं गेलंय. पण श्रमदानाला आलेल्या एका माणसाच्या मनात त्या दिवशी काय होतं, ते सहसा कुणी नोंदवत नाही.

उपाय आहे, आणि त्याला तुम्ही एकटे पुरता. स्टीफनसनचा आग्रहच होता की एका माणसाचाही नीट अभ्यास करता येतो. एकच कार्डांचा संच, पण सूचना बदलून पुन्हा-पुन्हा लावायचा. नातीला सांगा, तुमचीच उत्तरं कार्डांवर लिहून घे. “गिरणी बंद, हाताला काम नव्हतं.” “वाळू ठेकेदार नेत होता, त्याचा राग होता.” “पाणी सगळ्यांना सारखं मिळणार, हे पटलं होतं.” “शहरातली पोरं पाटी उचलतायत, मग आपण कसं बसायचं?” “बायको आधी गेली, मागनं मी.” “न गेलो तर लोक काय म्हणतील?” “आपल्या रानाला पाणी येईल, ही आशा होती.” वाळूवर आणि पाण्यावर तीन-चार कार्डं वेगवेगळ्या बाजूंनी हवीत, कारण तिथं तुमच्या मनात एकापेक्षा जास्त गोष्टी असणार. नातीनं तुमच्या वयाच्या आणखी दोघा-तिघांना ऐकलं तर तीसेक कार्डं सहज होतील.

मग पहिली मांडणी : ‘त्या वेळी मला जसं वाटत होतं.’ दुसरी : ‘आज मागं वळून बघताना जसं वाटतं.’ तिसरी : ‘व्यासपीठावरून पुढारी जसं सांगायचे.’ चौथी : ‘माझ्या बायकोच्या मते मी का गेलो.’ दोन मांडण्यांत काही दिवस जाऊ द्या, नाहीतर हात आधीचीच जागा शोधतो.

मग नात या चारही मांडण्या एकमेकींशी ताडून बघेल. पहिली मांडणी म्हणजे त्या काळचं मन नव्हे, हे धरून चला. ते आजच्या तुम्हाला दिसणारं त्या काळचं मन आहे. तरीही फरक बोलका असतो. ‘आज’ची मांडणी पुढाऱ्यांच्या भाषणाशी घट्ट जुळली आणि ‘तेव्हा’ची मांडणी दोन्हींपासून लांब राहिली, तर एवढी वर्षं सभांमधून ऐकलेलं तुमच्या आठवणीत मुरलंय, असा त्याचा एक अर्थ निघेल. उलट ‘तेव्हा’ आणि ‘आज’ जुळल्या, भाषण एकटं पडलं, तर नातीला वेगळं काही तरी सांगण्यासारखं आहे.

तुमची दरवेळची उत्तरं वेगळी निघतात, त्यावरून तुम्ही विसरलात असं मला वाटत नाही. नात सुटा प्रश्न विचारते, म्हणून तुम्ही सुटं उत्तर देता. दुष्काळ, राग, विचार आणि रिकामे हात, चारही एकाच वेळी असणार. कुठलं वर, कुठलं खाली, एवढंच शोधायचंय. “सगळे गेले म्हणून गेलो” हे उत्तर मात्र शून्याखाली ढकलू नका. चळवळीच्या इतिहासात या उत्तराला कुणी जागा देत नाही, पण सगळे का गेले हे शोधायला तिथूनच सुरुवात होते.

आणि नातीला सांगा, आजीचीही ‘तेव्हा मी का गेले’ अशी मांडणी घे. तुम्ही तेवढा वेळ बाहेर ओसरीवर बसा.